सुमात्रातल्या कारो लोकांचं 'मांगमांग': गाऊन म्हणायचे मंत्र कोणी ऐकलेत का?

दर्यापार:
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी गेली चार वर्षं मेदानला आहे, इंडोनेशियात, उत्तर सुमात्रात. पाम तेलाच्या गिरण्यांचे बॉयलर बघायचं काम. माझ्याबरोबर काम करणारा एक मित्र कारो आहे. बाताक लोकांच्या ज्या शाखा मानतात त्यातली ही एक, तोबा सरोवराच्या उत्तरेला सिबायाक आणि सिनाबुंग या दोन ज्वालामुखींच्या मधलं पठार हा यांचा मुलूख. मेदानहून बेरास्तागीचा घाट चढून वर गेलं की एकदम थंडी, कोबी-गाजराची शेतं, संत्र्याच्या बागा, आणि राखेमुळे काळीभोर जमीन. बरेच कारो आपण बाताक नाही, फक्त कारो, असं ठामपणे सांगतात, तेव्हा मीही इथे कारोच म्हणतोय.

तर मित्राच्या बहिणीचा सहा वर्षांचा मुलगा ओढ्यात पडला. लगेच काढला बाहेर, काही झालं नाही, पण त्या दिवसापासून जेवेना, रात्री दचकून उठायचा, कोणाशी नीट बोलेना. काबानजाहेच्या दवाखान्यात नेलं, छाती तपासली, रक्त तपासलं, सगळं व्यवस्थित. मग मुलाच्या पणजीने सांगितलं की याचा 'तेंदी' ओढ्यापाशी राहिलाय, 'रालेंग तेंदी' करा. तेंदी म्हणजे जीवात्मा म्हणा, पण आपल्या आत्म्यासारखा मेल्यावरच शरीर सोडणारा नव्हे, हा जिवंतपणीच भीतीने, दुखावल्याने अंग सोडून कुठेतरी अडकून बसतो आणि मग माणूस आजारी पडतो. माणूस मेला की जे उरतं त्याला 'बेगू' म्हणतात, ते वेगळं.

मित्र आणि त्याची आई दोघं चर्चला जाणारे, त्यामुळे घरात दोन दिवस चर्चा चालली. शेवटी आई म्हणाली की मी प्रार्थना पण करीन आणि पणजीचं पण ऐकीन. मला मित्राने विचारलं येतोस का, मी गेलो.

आधी वाटलं होतं जुन्या लाकडी घरात, लिंग्गा गावात आहेत तशा उंच छपराच्या घरात वगैरे असेल. पण निघालं साधं पत्र्याचं घर, ट्यूबलाइट, भिंतीवर शाळेचं कॅलेंडर. खाली चटई. ज्या बाई मंत्र म्हणणार होत्या त्यांना 'गुरू सिबासो' म्हणतात (हो, गुरू, आपलाच शब्द), सत्तरीच्या असतील, डोक्यावर पांढरं कापड, समोर विड्याची पानं, चुना, तांदूळ, एक अंडं. वाजवणारे तिघं. एकाच्या मांडीवर 'कुलचापी', दोन तारांचं लांबट लाकडी वाद्य. दुसऱ्यासमोर 'केतेंग-केतेंग', म्हणजे जाड बांबूचा तुकडा, त्याचीच साल पट्टीसारखी सोलून दोन्ही टोकांना न तोडता खाली खुंट्या सारून ताणलेली, तीच तार. त्यावर काटक्यांनी वाजवतात. आणि तिसरं वाद्य म्हणजे 'मांगकोक', चक्क जेवायचं चिनी मातीचं वाडगं, ते मित्राचा मामाच वाजवत होता. या संचाला 'गेंदांग तेलू सेदालानेन' म्हणतात. तेलू म्हणजे तीन, दालान म्हणजे वाट. एका वाटेने चाललेले तिघं. हे नाव ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये, पुढे का ते सांगतो.

बाईंनी सुरुवात बोलण्यासारखी केली. कोणाशी तरी कामाचं बोलावं तशी, भराभर, एकाच सुरावर खूप शब्द. मग हळूहळू ओळीचा शेवट लांबायला लागला, शेवटचं अक्षर धरून ठेवायच्या आणि तो सूर थरथरत खाली खाली उतरायचा, अगदी श्वास संपेपर्यंत. कुलचापी त्या सुराच्या मागेमागे, कधी पुढे. यालाच मांगमांग म्हणतात. मंत्राला साधा शब्द 'ताबास' आहे, तो पुटपुटूनही म्हणतात, औषधावर फुंकर घालूनही म्हणतात, पण मांगमांग गायचंच असतं. मित्र माझ्या कानात अर्थ सांगत होता. त्या मुलाच्या तेंदीला बोलावत होत्या. तू ओढ्यात आहेस का, वाटेवर आहेस का, झाडाखाली बसलायस का, कोणी अडवलंय का, इथे तुझी आई बसलीये, भात शिजलाय, ये. जिथं अडवलं असेल तिथल्याला पण समजावत होत्या की पान घे आणि पोराला सोड. धमकी नाही, आरडाओरडा नाही. रुसलेल्या पोराला आजी जशी समजावते तसा सूर. मुलाची आई रडायला लागली. मला पण गलबलून आलं, भाषा कळत नसताना.

शेवटी मुलाच्या डोक्यावर तांदूळ ठेवले. 'बेरास पिहेर' म्हणतात, पिहेर म्हणजे घट्ट, टणक. तांदळासारखा तेंदी घट्ट राहू दे.

आता ज्यासाठी धागा काढला ते. मी बाईंना आधी विचारून फोनवर रेकॉर्ड केलं. त्या म्हणाल्या पोराला बोलावण्याचा भाग घे, त्याआधी मी माझ्या 'जिनुजुंग'ला बोलावते ते घेऊ नको. जिनुजुंग म्हणजे प्रत्येक गुरूबरोबर असणारा सोबती आत्मा, शब्दशः 'डोक्यावर वाहिलेला'. मी तसंच केलं. पण माझ्या फोनमध्ये आवाज स्वच्छ करायचं सेटिंग चालू होतं ते लक्षातच आलं नाही. त्याने बांबू, वाडगं सगळं गोंगाट समजून कापलं, आणि ओळीच्या शेवटी तो लांब उतरणारा सूर असायचा ना तोही निम्मा खाल्ला. शब्द मात्र लख्ख. दुसऱ्या दिवशी ते मित्राच्या आईला ऐकवलं तर ती दोन मिनिटं ऐकून म्हणाली, हे मांगमांग नाही, ही नुसती यादी आहे. मी म्हटलं शब्द तर तेच आहेत. ती म्हणाली, शब्द कोणालाही येतात, तेंदी शब्दावर चालत येत नाही, सुरावर येतो.

आपल्याकडे मंत्र म्हटलं की आपण अक्षर बघतो, उच्चार चुकला का, ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे का. इथे शब्द दर वेळी बदलले तरी चालतात, पोराचं नाव वेगळं, ओढा वेगळा. पण सूर मोडला तर वाट मोडली. एका वाटेने चाललेले तिघं, हे नाव मला तेव्हा कळलं.

कोणी या विषयावर वाचलंय, ऐकलंय? मला खूप जाणून घ्यायचंय.

सोलापुरी_सुंद्री:
वा! फार मनापासून लिहिलंय. मी ध्वनिमुद्रणं ऐकलीयेत, १९८० च्या दशकात बर्लिनच्या संग्रहालयाने कारो संगीताची रेकॉर्ड काढली होती, त्यात तंद्रीत नेणारं वादन आहे. तुम्ही लिहिलाय तो छोटा संच, मोठा संच म्हणजे 'गेंदांग लिमा सेदालानेन', एका वाटेने चाललेले पाच. त्यात सरुने हे फुंकायचं वाद्य, दोन छोटे ढोल, एक पंज्याएवढी लहान घंटा 'पेंगानाक' आणि एक भलीमोठी 'गुंग'.

सरुने हा शब्द आणि आपली सनई एकाच घरातले आहेत बरं का, फारसी सुरनाय, मलायचं सेरुनाय, त्याच वळणाचं सरुने. आणि आकार बघाल तर आमच्या सोलापूरच्या सुंद्रीची आठवण येते, सनईहून लहान आणि आवाज तिखट. वाजवणारा श्वास तोडत नाही, गालात हवा धरून नाकाने आत घेत राहतो, आपले सनईवाले करतात तेच. कारोमध्ये या पद्धतीला 'पुलुनामा' म्हणतात. आमच्या घरात तीन पिढ्या हे शिकवलं जातंय, पेल्यातल्या पाण्यात नळी घालून बुडबुडे अखंड ठेवायचे, बुडबुडा थांबला की परत पहिल्यापासून. म्हणून मला तो थरथरत उतरणारा सूर वाचून लगेच कळलं, मोठ्या संचात गळ्याला श्वास संपतो तिथून सरुने तो सूर पुढे नेते, वाट मध्येच तुटत नाही.

आणि ते दोन ढोल. एकाचं नाव सिंगिंदुंगी, 'इंदुंग' म्हणजे आई. दुसरा सिंगानाकी, 'आनाक' म्हणजे मूल. या सिंगानाकीच्या अंगाला आणखी एक टीचभर ढोल दोरीने बांधलेला असतो, वाजवणारा एकाच वेळी दोन्हीवर वाजवतो. फोटो बघितला तेव्हा काखेला पोर घेतलेली बाईच आठवली. फणसाच्या लाकडाचे करतात.

मोडीवाचक:
छान धागा. मला इथे दिशांबद्दल सांगायचंय. कारो गुरूंच्या विद्येत आठ दिशा फार महत्त्वाच्या, 'देसा सि वालुह', वालुह म्हणजे आठ. आणि दिशांची नावं वाचा: पुर्बा, आगुनी, दाक्सिना, नारिती, पुस्तिमा... बुतारा. पूर्वा, आग्नेय, दक्षिण, नैऋत्य, पश्चिम, उत्तर! वारांची नावं पण आदितिया, सुमा, बुदाहा, बेरास्पाती, चुकेरा. फक्त त्यांचा महिना तीस दिवसांचा आणि तीसही दिवसांना वेगळं नाव, त्यातली बरीचशी म्हणजे हीच वारांची नावं पुढे शेपूट लावून फिरतात. दिवस चांगला की वाईट हे बघणं म्हणजे 'निकतिक वारी', त्यासाठी वेगळे गुरू असतात. देवाला दिबाता म्हणतात, देवता वरून. वरचा, मधला, खालचा असे तीन दिबाता. तुमचं कुलचापी पण कच्छपी वीणेतल्या कच्छपीवरून आलेलं मानतात.

'वारी' म्हणजे दिवस, हा पण आपला 'वार'च असणार. म्हणजे हे सगळं इथूनच गेलंय की!

ट्युलिपकाठी:
मोडीवाचक, दिशा आणि वारांचं बरोबर आहे पण 'वारी' मध्ये गल्लत होतेय. तो शब्द त्यांचा स्वतःचा आहे, ऑस्ट्रोनेशियन भाषांमधला जुना, मलायमधला 'हारी' पण तोच. नुसता सारखा ऐकू येतो म्हणून आपला नाही. तेंदी, बेगू हेही संस्कृतातले नाहीत, आणि मांगमांगचा गाभा तर या दोन शब्दांवरच उभा आहे. म्हणजे दिशा मोजायला शब्द घेतले, पण बोलावतात कोणाला ते त्यांचं स्वतःचं. 'इथूनच गेलंय' म्हटलं की ते बाई जे करत होत्या ते उधारीचं वाटायला लागतं, मला ते पटत नाही.

संबंध होता हे मात्र पक्कं. सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावर बारुसजवळ लोबू तुआ इथे १०८८ सालचा तमिळ शिलालेख मिळालाय, ऐहोळेच्या व्यापारी संघाचा, पाचशे म्हणून ओळखला जाणारा तो संघ. कापूर आणि सुगंधी लाकडासाठी यायचे. आणि कारोंच्या पाच कुळांपैकी, 'मेर्गा सिलिमा' म्हणतात, सेंबिरिंग कुळाच्या पोटशाखांची नावं चोलिया, पांदिया, मेलियाला, पेलावी, ब्राह्माना अशी आहेत. सेंबिरिंगमधल्या काहींची जुनी रीत होती की मृताची राख छोट्या नावेत घालून लाऊ बियांग नदीत सोडायची, ती पुढे वाम्पू होऊन समुद्राला मिळते. या लोकांना 'सिंगोंबाक' म्हणतात, ओंबाक म्हणजे लाट.

मी नेदरलँड्समध्ये असते, लायडनच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात बाताक पोथ्या बघितल्यात. झाडाच्या सालीच्या, पंख्यासारख्या घडीच्या, लाकडाच्या पाट्यांमध्ये. हातात घेऊ देतात, हळू उलगडायचं. त्यात ताबास लिहिलेले असतात, औषधं, दिवसांचे तक्ते, लाल-काळ्या आकृत्या. पण गाण्याची चाल कुठेच नाही, एक खूणसुद्धा नाही. तुमच्या फोनने जे केलं तेच या पोथ्यांनी पण केलंय असं आता वाटतंय.

मोडीवाचक:
मान्य. वारीची दुरुस्ती मनापासून स्वीकारतो, उत्साहात घाई झाली. पोथीचं वाचून अंगावर काटा आला.

शंकेखोर:
लेख चांगला आहे पण एक स्पष्ट विचारतो, राग नसावा. मी अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतो, आमच्या भागात अशाच 'भूत लागलं, आत्मा गेला' म्हणून पोरं दवाखान्यात न नेता भगताकडे नेतात आणि हातची जातात. त्या मुलाला खरंच काही झालं असतं तर? पैसे किती घेतले?

दर्यापार:
शंकेखोर, राग अजिबात नाही, प्रश्न बरोबर आहे. दवाखाना आधी झाला होता, आणि बाईंनी स्वतः विचारलं की डॉक्टरने काय दिलंय, ते बंद करू नका म्हणाल्या. पैशाचं म्हणाल तर तांदूळ, पानं, एक कापड आणि जमेल ती रक्कम पानाखाली ठेवतात, आकडा कोणी सांगितला नाही. सगळेच गुरू असे असतील असं मी म्हणणार नाही, फसवणारे तिथेही असतील.

पण मी जे बघितलं त्यात पोर एकटं नव्हतं. घाबरलेलं पोर आठवडाभर आईला चिकटून होतं आणि सगळे त्याला 'जेव रे, घाबरू नको' एवढंच सांगत होते. त्या रात्री वीस-बावीस माणसं काम सोडून त्याच्याभोवती बसली आणि दीड तास त्याचं नाव घेऊन गायलं गेलं. ते शांत बसून ऐकत होतं. आत्मा आला का हे मी कोण सांगणार, पण हे मी बघितलं.

रानजाई:
मला 'पेरुमाह बेगू' बद्दल कोणी सांगेल का? नाव ऐकलंय फक्त.

ट्युलिपकाठी:
रानजाई, रुमाह म्हणजे घर. पेरुमाह बेगू म्हणजे मेलेल्याला घरी बोलावणं. अंत्यविधीनंतर घरचे जमतात, गुरू सिबासो गाऊन मृताला बोलावते आणि मग तो तिच्या तोंडून बोलतो, म्हणजे आपण म्हणतो तसं अंगात येतं, कारोमध्ये त्याला 'सेलुक' म्हणतात. घरचे त्याच्याशी बोलतात, राहिलेलं विचारतात, भांडलेले असतील ते माफी मागतात. त्याच्याआधी गेलेले घरातले बाकीचे पण येऊन जातात. गुरू सिबासो बहुतेक बाया असतात, आणि मेलेला माणूस पुरुष असो की लहान मूल, सगळ्यांसाठी बोलायचं काम त्या एकाच गळ्याला. हे वाचताना मला सगळ्यात भिडलं ते हे की मेलेला पण रडतो. जिवंत माणसं त्याला समजावतात.

यात मांगमांग कुठे संपतं आणि मेलेल्याचं बोलणं कुठे सुरू होतं हे सुरावरूनच ओळखायचं असतं. वाजवणाऱ्यांना ते बरोबर कळतं, ते लगेच वादन बदलतात. वाजवणाऱ्यांना 'सिएरजाबातेन' म्हणतात, त्यांचा मान मोठा.

मडगावचो_बाब:
माका एक विचारायचं, जेवायला काय होतं? विषयाला सोडून आहे पण राहवत नाही.

दर्यापार:
बाबा, तुम्हालाच सांगायचं होतं! मासा होता, आर्सिक, नदीतला मोठा मासा हळदीत मुरवून आटवलेला, आणि पहिला घास घेतल्यावर जीभ चुरचुरली, मी म्हटलं हे तर तिरफळ! त्याचीच बहीण निघाली, इंडोनेशियात आंदालिमान म्हणतात, कारो लोक 'तुबा' म्हणतात. बांगड्याच्या कालवणाची आठवण येऊन डोळे भरले. आणि गोडाला 'चिंपा', चिकट तांदळाच्या पिठात गूळ-खोबरं घालून पानात गुंडाळून वाफवलेलं. आपल्या पातोळ्यांची मावसबहीण. आणि हो, आईच्या भावाला ते 'मामा'च म्हणतात आणि त्याच्या बायकोला 'मामी'च, मी दचकलोच पहिल्यांदा ऐकून. मामाच्या मुलीशी लग्न जमणं पण तिथे सगळ्यात चांगलं मानतात.

मडगावचो_बाब:
देव बरें करूं!

कृष्णाकाठ:
मी गोंधळ्याच्या घरातला. वडील संबळ वाजवायचे, आता मी नोकरी करतो आणि सणावारी उभा राहतो. तुम्ही जे लिहिलंय की ओढ्यात आहेस का, वाटेवर आहेस का, ते वाचून थांबलोच. आमच्याकडे पण गोंधळात एकेका गावच्या देवीला नाव घेऊन बोलावतात, जागा सांगून. वडील म्हणायचे नुसतं 'ये' म्हटलं तर कोण येणार, कुठून यायचं ते सांगावं लागतं. आमचं आणि त्यांचं काही नातं आहे असं मला म्हणायचं नाही, पण काम ओळखीचं वाटलं.

एकच विचारतो, पुढची पिढी शिकतेय का?

दर्यापार:
कृष्णाकाठ, तुमच्या वडिलांचं वाक्य मी त्या मित्राला भाषांतर करून सांगितलं, तो बराच वेळ गप्प होता.

पुढच्या पिढीचं थोडं लांबून सांगावं लागेल. १८९० मध्ये डच मिशनरी बुलुह आवार गावात आले, मेदानभोवतालच्या देली भागातल्या तंबाखू मळ्यांच्या कंपन्यांनी त्यांना पैसा पुरवला, कारण डोंगरातले कारो मळ्यांना त्रास देत होते. पण पन्नास-साठ वर्षांत फार लोक ख्रिस्ती झाले नाहीत. खरं घडलं ते १९६५ नंतर. तेव्हाच्या कम्युनिस्टांच्या कत्तलीच्या दिवसांत ज्याला सरकारमान्य धर्म नाही त्याच्यावर कम्युनिस्ट असल्याचा संशय यायचा, आणि तेवढ्याने जीव जाऊ शकत होता. हजारोंनी बाप्तिस्मा घेतला, काही मुसलमान झाले. जुन्या मार्गाला बाहेरचे 'पेरबेगू' म्हणायचे, भुतंवाले, त्यात हिणवणं होतं. मानणारे स्वतः 'पेमेना' म्हणतात, म्हणजे पहिला, मूळचा. १९७७ मध्ये काही पेमेना लोकांनी हिंदू धर्म परिषदेची कारो शाखा काढली, कारण हिंदू धर्म सरकारमान्य होता. म्हणजे मूळ गोष्ट टिकवायला दुसऱ्या नावाखाली जावं लागलं. मित्राचे आजोबा पण तेव्हाच चर्चमध्ये गेले. आजी गेली नाही. एकाच घरात दोघं, आणि भांडले कधीच नाहीत म्हणे.

मग १९९० च्या दशकापासून कीबोर्ड आला, त्याला 'गेंदांग किबोद' म्हणतात. लग्नात, पीक-उत्सवात पाच माणसांचं काम एक माणूस करतो, बटणावर गुंग वाजते. मला त्याचा राग नाहीये, लोक त्यावर रात्रभर नाचतात, आनंदात असतात. पण वाजवणाऱ्यांची पोरं मग सरुने कशाला शिकतील.

आणि सिनाबुंग. चारशे वर्षं जवळपास शांत होता तो २०१० मध्ये उठला, २०१३ पासून तर वर्षानुवर्षं राख ओकत राहिला. बेकेराह, सिमाचेम, सुकामेरियाह ही गावं कायमची उठवून सिओसारला नेली. मांगमांगमध्ये ओढा, झरा, झाड नावानिशी घेतात. ज्याचं गावच राखेखाली गेलं त्याच्या गुरूने कुठल्या ओढ्याला हाक मारायची? हे मला त्या बाईंनीच विचारलं, माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या म्हणाल्या आम्ही जुनंच नाव घेतो, तेंदीला नवा पत्ता माहीत नसतो.

कृष्णाकाठ:
हे शेवटचं वाक्य मी लिहून ठेवलं.

शंकेखोर:
१९६५ चं हे माहीत नव्हतं. धन्यवाद. माझा प्रश्न मी मागे घेत नाही पण ही बाजू मी धरलीच नव्हती, ते मान्य करतो.

सोलापुरी_सुंद्री:
दर्यापार, ती रेकॉर्डिंग इथे टाका ना, निम्मा सूर राहिलाय म्हणता तरी चालेल. मी सॉफ्टवेअरमधून काही काढता येतं का बघते. नाहीतर उद्या त्या बाई गेल्या की काहीच राहणार नाही.

दर्यापार:
ताई, तुमची कळकळ समजते पण नाही टाकणार. त्यांनी मला घेऊ दिली ती त्या घरासाठी. त्यात त्या मुलाचं नाव आहे, त्याला बोलावलंय. मी ती इंटरनेटवर सोडली तर, त्यांच्या भाषेत सांगायचं तर, त्या पोराला रोज कोणीतरी कुठेतरी हाक मारत राहील. हे मी त्यांना विचारलं नव्हतं, मित्राची आई हे आपणहून म्हणाली. मी ती फाइल मित्राला दिली आणि माझ्या फोनमधून काढली.

पण ज्यांना ऐकायचंच आहे त्यांनी इकडे या. दर काही दिवसांनी कोणी ना कोणी लाऊ देबुक-देबुकला 'एरपांगिर' करतं, सिबायाकच्या पायथ्याशी गरम पाण्याची कुंडं आहेत तिथे, लिंबू पिळलेल्या पाण्याने डोकं धुण्याचा विधी, तो गाण्याशिवाय होत नाही. लिंबू पण खरबरीत सालीचं, ज्याचं पान थाई आमटीत घालतात ते. तिथे बाहेरच्यांना बसू देतात. वाकून 'मेजुआह-जुआह' म्हणायचं, जाताना 'बुजुर' म्हणायचं. बुजुर म्हणजे आभार, मूळ अर्थ सरळ, प्रामाणिक. तिथे कोणी विचारेल तुमची मेर्गा कोणती, कारण नातं लावल्याशिवाय कारो माणूस बोलणं पुढे नेत नाही. मला त्यांनी मित्राच्या कुळात बसवलंय, त्यामुळे आता मला त्याच्या मामाला मामाच म्हणावं लागतं.

सोलापुरी_सुंद्री:
बरोबर केलंत. मागितलं त्याचं वाईट वाटतंय आता. एप्रिलमध्ये सुट्टी आहे, तिकिटं बघते. सरुनेवाल्यांना भेटवाल ना? सुंद्री घेऊन येईन बरोबर.

दर्यापार:
या ताई, नक्की. घाटात गाडी लागते तेवढी गोळी घेऊन या.

रानजाई:
त्या मुलाचं काय झालं शेवटी? आणि ते वाडगं कशाने वाजवतात, चमच्याने?

दर्यापार:
मुलगा शाळेत जातोय. ओढ्याकडे अजून जात नाही, घरचे पण नेत नाहीत.

वाडगं सुरीच्या पात्याने वाजवतात, पात्याची सपाट बाजू काठावर हलकेच. वेगळं ठेवलेलं पूजेचं भांडं वगैरे काही नाही. त्या रात्री सगळं आवरल्यावर मामीने ते विसळून रॅकवर पालथं घातलं, आणि सकाळी मला त्याच्यातच भाताची पेज वाढली.